दगडफुलातल्या बुरश्या किराणा दुकानात सापडत नाहीत

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

पदवीच्या विद्यार्थ्यांना आता अभ्यासक्रमाचा भाग म्हणून संशोधन प्रकल्प करावा लागतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या वनस्पतिशास्त्राच्या व सूक्ष्मजीवशास्त्राच्या मुलांसाठी 'दगडफुलाच्या आत राहणाऱ्या बुरश्या' हा विषय चांगला आहे. महागडे यंत्र लागत नाही, नमुना बोटभर पुरतो आणि सातपुडा हाताशी आहे. पण या विषयाचा प्रकल्प पहिल्याच दिवशी वाया जाण्याचा एक हमखास मार्ग आहे, आणि तोच सगळ्यांत सोपा वाटतो. दगडफूल किराणा दुकानातून आणायचे, धुऊन बटाट्याच्या अगारवर (बुरशी वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमावर) ठेवायचे. तिसऱ्या दिवशी प्लेट काळ्या-हिरव्या बुरशीने भरते आणि अहवालात 'दगडफुलातील बुरशी : ॲस्परजिलस' असे लिहून मोकळे होता येते. ती बुरशी दगडफुलाची नसते, पोत्याची असते. पत्र लांबले आहे याची कल्पना आहे. पण प्रमाणे आणि मिनिटे सांगितल्याशिवाय ते कुणाच्या कामी येणार नाही.

दगडफूल, म्हणजे शैवाक किंवा लायकेन, ही शैवाल आणि बुरशी यांची जोडी असते असे शाळेत शिकवतात. हे १८६७ मध्ये स्विस शास्त्रज्ञ सिमॉन श्वेंडेनर यांनी मांडले, तेव्हा नायलँडर यांच्यासारख्या नामांकित शैवाकतज्ज्ञांनी ते धुडकावून लावले होते. आज ते सर्वमान्य आहे, मात्र अपुरे आहे. पानासारख्या दगडफुलाचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर वर दाट विणीची त्वचा दिसते, तिच्याखाली हिरव्या शैवालपेशींचा थर, मग पिंजलेल्या कापसासारखा सैल पांढरा गाभा आणि तळाशी बहुधा काळपट त्वचा, तिला झाडाला धरून ठेवणारे बारीक धागे. हा सारा सांगाडा एका मुख्य बुरशीचा असतो आणि त्या बुरशीच्याच नावाने शैवाक ओळखले जाते. पण या सांगाड्याच्या पोकळ्यांत, गाभ्यात, शैवालाच्या थरालगत आणखी कितीतरी बुरश्या राहत असतात.

त्यांचे ढोबळ दोन गट आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. पहिला गट डोळ्यांना दिसतो. दगडफुलावर काळे ठिपके, गाठी, गुलाबी दाणे किंवा विरंजन झाल्यासारखे पांढरे डाग दिसले तर तिथे शैवाकावर जगणारी परजीवी किंवा सहवासी बुरशी असण्याची दाट शक्यता असते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक यादीत केवळ शैवाकांवरच राहणाऱ्या अशा सुमारे २,००० जाती नोंदवल्या आहेत. लायकेनोकोनियम, ॲब्रोथॅलस ही त्यांतली नेहमी भेटणारी नावे. त्या ओळखण्यासाठी भिंग, ब्लेड आणि चांगला सूक्ष्मदर्शक लागतो; अगारवर त्यांतल्या अनेक जाती वाढायला राजी नसतात.

दुसरा गट बाहेरून अजिबात दिसत नाही. दगडफूल निरोगी असते, त्यावर डाग नसतो, तरी आत या बुरश्यांचे तंतू असतात. झाडांच्या पानांत आणि फांद्यांत लक्षणे न दाखवता राहणाऱ्या अंतर्वासी बुरश्यांच्या त्या नातेवाईक. चेन्नईतले टी. एस. सूर्यनारायणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्येच भारतीय शैवाकांतून अशा बुरश्या वेगळ्या केल्याचे प्रसिद्ध केले होते. पुढे २००९ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठाच्या एलिझाबेथ अर्नोल्ड व सहकाऱ्यांनी त्यांचा डीएनएच्या आधारे मोठा अभ्यास मांडला, आणि 'एंडोलायकेनिक' (शैवाकाच्या आत राहणाऱ्या) हे नाव रूढ झाले. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाला हाच गट योग्य, कारण यांतल्या बऱ्याच जाती साध्या माध्यमावर वाढतात.

२०१६ साली टोबी स्प्रिबिल्ले आणि सहकाऱ्यांच्या शोधाने मात्र वेगळाच गाजावाजा झाला. उत्तर अमेरिकेतल्या ब्रायोरिया वंशाच्या दोन शैवाकांत मुख्य बुरशी तीच, शैवालही तेच. तरी एक पिवळसर आणि विषारी, दुसरे तपकिरी. फरक सापडला तो वरच्या त्वचेत रुतून बसलेल्या एका यीस्टच्या प्रमाणात. जगभर 'तिसरा भागीदार सापडला' असे मथळे आले. पुढे इतर प्रदेशांतल्या शैवाकांत शोध घेतल्यावर ही यीस्ट सगळीकडे नसते हे दिसले. त्यामुळे 'प्रत्येक दगडफुलात तीन भागीदार असतात' हे वाक्य प्रकल्पाच्या प्रस्तावनेत लिहू नये. ते हल्ली सरसकट उतरवले जाते.

आता दुकानाचा प्रश्न. आपल्या काळ्या मसाल्यात पडणारे दगडफूल प्रामुख्याने पार्मोट्रेमा वंशातले असते, पण व्यापारी मालात हायपोट्रॅकिना, हेटेरोडर्मिया, कधी दाढीसारख्या लोंबणाऱ्या अस्निआचे तुकडेही मिसळलेले असतात. बराचसा माल हिमालयाच्या उतारांवरून येतो. गोळा करणारा, गावातला दलाल, घाऊक बाजार, जळगावचा किंवा धुळ्याचा ठोक व्यापारी, शेवटी किरकोळ दुकान, असा महिनोन्‌महिने प्रवास होतो. त्या प्रवासात पोत्यात दाबलेले, तुटलेले, कधी दमट झालेले दगडफूल साठवणीच्या बुरश्यांचे आयते घर होते. ॲस्परजिलस, पेनिसिलियम, रायझोपस यांचे तंतू तुटक्या कडांतून आतपर्यंत शिरलेले असतात. एकदा ते आत गेले की वरून कितीही निर्जंतुकीकरण केले तरी उपयोग नाही, कारण औषध पृष्ठभागावर चालते. शिवाय माल कोणत्या झाडावरचा, कोणत्या उंचीवरचा, कोणत्या महिन्यातला हे काहीच ठाऊक नसते. अशा नमुन्यावरून साठवणुकीतल्या बुरशीचा प्रकल्प उत्तम होईल. तो जरूर करावा, पण त्याला तेच नाव द्यावे.

खान्देशात ताजे दगडफूल कुठे पाहायचे? पानासारखी मोठी शैवाके हवी असतील तर सुमारे १,१५० मीटर उंचीवरचे तोरणमाळ पठार आणि आसपासचा सातपुडा. पावसाळ्यातले धुके आणि हिवाळ्यातले दंव त्यांना मानवते. यावल अभयारण्य, पालचा परिसर आणि चाळीसगावजवळचे पाटणादेवीचे जंगल इथेही ओलसर घळींत शोध घेण्यासारखा आहे. तापीकाठच्या मैदानात चित्र बदलते. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो, त्यामुळे झाडांवर आणि दगडावर घट्ट चिकटलेली, खरवडूनच निघणारी प्रजाच बहुतांशी तग धरते. आंब्याच्या किंवा चिंचेच्या जुन्या खोडावर राखाडी-पांढरट गोल चकत्या दिसतात त्या पाहाव्यात. डिरिनारिया आणि पिक्सिन हे मैदानी प्रदेशातले नेहमीचे वंश. लळिंगसारख्या किल्ल्याच्या बेसाल्टवरही पापुद्रे असतात, पण ते छिन्नीशिवाय निघत नाहीत. सागाच्या खोडावर वेळ घालवू नये, त्याची साल सुटत राहते. नवख्याने पानासारखेच शैवाक घ्यावे. चिकटणाऱ्या प्रकारांत तुकड्याबरोबर झाडाची साल येते आणि मग आलेली बुरशी शैवाकातली की सालीतली, हा वाद मिटत नाही.

नमुना घेण्यापूर्वी परवानगी. यावल, अनेर धरण, गौताळा-औट्रमघाट ही अभयारण्ये आहेत. तिथे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू आहे आणि वन विभागाच्या लेखी परवानगीविना काहीही उचलता येत नाही. राखीव वनातही विचारूनच जावे. महाविद्यालयाच्या पत्रावर किती नमुने, किती आकाराचे आणि कशासाठी हे स्पष्ट लिहिले तर काम सोपे होते. खासगी शेतातल्या आंब्यासाठी मालकाची संमती पुरते. पानासारखे शैवाक वर्षाला काही मिलिमीटरच वाढते, तेव्हा झाड सोलू नये. एका थॅलसचा, म्हणजे शैवाकाच्या एका सलग देहाचा, दोन-तीन सेंटिमीटरचा कडेचा तुकडा घ्यावा, बाकी जागेवर राहू द्यावे. एकाच जातीचे पाच थॅलस पाच वेगवेगळ्या झाडांवरून घ्यावेत. एकाच थॅलसचे शंभर तुकडे केले तरी तो शास्त्राच्या हिशेबाने एकच नमुना ठरतो. परीक्षक हे पहिल्यांदा विचारतात.

तुकडा कागदी पाकिटात ठेवायचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत त्याला घाम फुटतो आणि बसमधून तोरणमाळहून शहाद्याला उतरेपर्यंत साठवणीच्या बुरशीचीच लागवड सुरू होते. पाकिटावर झाडाची जात, जमिनीपासूनची उंची, खोडाची दिशा, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, तारीख आणि आदल्या दोन दिवसांतला पाऊस लिहावा. त्याच खोडावरची, शैवाकापासून चार-पाच सेंटिमीटरवरची उघडी साल वेगळ्या पाकिटात घ्यावी. हे बहुतेक जण विसरतात. त्या सालीतून तीच बुरशी निघाली तर ती शैवाकाची खास रहिवासी आहे असे म्हणता येत नाही. नमुने दोन दिवसांच्या आत लावावेत. जमत नसेल तर कागदातच ४ अंश सेल्सिअसला ठेवावेत.

माध्यम घरगुती पद्धतीने होते. सोललेले बटाटे २०० ग्रॅम, अर्ध्या लिटर पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे उकळून मलमलीतून गाळावेत, त्यात डेक्स्ट्रोज २० ग्रॅम आणि अगार १५ ते १८ ग्रॅम घालून पाणी एक लिटरपर्यंत करावे. आमची शिफारस मात्र निम्म्या ताकदीच्या माध्यमाची आहे : बटाटे १०० ग्रॅम, डेक्स्ट्रोज १० ग्रॅम. भरपूर साखर मिळाली की भराभर वाढणाऱ्या बुरश्या हावऱ्यासारख्या पसरतात आणि मंद बुरश्यांना जागाच उरत नाही. इथे एक चूक ठरलेली असते. निम्मी ताकद म्हणून अगारही निम्मे केले जाते आणि प्लेट गोठतच नाही. अगार पूर्ण ठेवायचे. जिवाणू रोखायला लिटरला १०० मिलिग्रॅम क्लोरॅम्फेनिकॉल घालावे; ते उष्णता सोसते, त्यामुळे आधीच घातले तरी चालते. स्ट्रेप्टोमायसिन वापरायचे असेल तर ते उष्णतेने निकामी होते, म्हणून माध्यम ५० अंशांखाली उतरल्यावरच. निर्जंतुकीकरण १२१ अंशांना, १५ पौंड दाबाखाली, पंधरा ते वीस मिनिटे. ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र) बंद असेल तर थोड्या माध्यमासाठी घरचा प्रेशर कुकर चालतो. वेळ मात्र शिट्टी होऊन गॅस मंद केल्यापासून मोजावी आणि वीस मिनिटे पूर्ण करावीत.

आता सगळ्या प्रकल्पाचा जीव असलेली पायरी, पृष्ठभागाचे निर्जंतुकीकरण. तुकडा भिंगाखाली धरून त्यावरचे शेवाळ, सालीचे कण, किडे चिमट्याने काढावेत. मग नळाच्या वाहत्या पाण्याखाली मऊ ब्रशने धुवावा आणि पूर्ण भिजू द्यावा. कोरडे दगडफूल समोर येईल तो द्रव झपाट्याने शोषते. कोरडेच ब्लीचमध्ये (सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात) टाकले तर क्लोरीन थेट गाभ्यात जाऊन ज्या बुरशीसाठी खटाटोप चालला आहे तिलाच मारते. भिजलेल्या तुकड्याचे साधारण एक सेंटिमीटरचे भाग करावेत. ते ९५ टक्के इथेनॉलमध्ये ३० सेकंद, ०.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये २ मिनिटे, ७० टक्के इथेनॉलमध्ये पुन्हा २ मिनिटे बुडवावेत, निर्जंतुक पाण्यात खंगाळावेत आणि निर्जंतुक टिपकागदावर टिपावेत. त्यानंतरच निर्जंतुक ब्लेडने कडा टाकून मधल्या भागाचे दोन-दोन मिलिमीटरचे तुकडे करावेत. आधी बारीक तुकडे करून मग ब्लीचमध्ये टाकणे चूक, कारण चारही कापलेल्या बाजूंनी औषध आत शिरते.

पहिल्या इथेनॉलचे काम मारण्याइतकेच ओले करण्याचे आहे. भिजलेल्या दगडफुलाच्या पृष्ठभागावरही हवेचे बुडबुडे चिकटून राहतात आणि बुडबुड्याखालचा बीजाणू जिवंत राहतो. म्हणून प्रत्येक द्रवात चिमट्याने तुकडा हलवत राहावे. पिठूळ कणांनी भरलेली किंवा खालून दाट धाग्यांची शैवाके अधिक त्रास देतात. ते धागे ब्लेडने खरवडून टाकलेले बरे. उलट, फिसियासारखी पातळ किंवा ओली झाल्यावर जेलीसारखी फुगणारी कोलेमासारखी शैवाके नाजूक असतात. त्यांना ब्लीचमध्ये एक मिनिट पुरे. आधी दोन-तीन वेळा चाचणी घेऊन वेळ ठरवावी. महिनाभर एकाही तुकड्यातून काहीच आले नाही, तर 'या शैवाकात बुरशी नाही' असा निष्कर्ष काढण्याआधी क्लोरीन जास्त झाले असावे असे धरावे.

ब्लीचचे प्रमाण इथे नीट सांगायला हवे. प्रयोगशाळेत मिळणारे द्रावण बहुधा ४ टक्क्यांचे असते. १२.५ मिलिलिटर द्रावणात ८७.५ मिलिलिटर पाणी घातले की ०.५ टक्के होते. पण ते बाटलीवर लिहिलेल्या ताकदीचे उरलेले असते का? आपल्याकडच्या उन्हाळ्यात कपाटात पडून राहिलेली बाटली वर्षभरात बरीच कमजोर होते, उजेडात तर आणखी लवकर. नवी बाटली आणावी, गडद रंगाच्या काचेत फ्रीजमध्ये ठेवावी आणि पातळ केलेले द्रावण त्याच दिवशी वापरून टाकावे. सत्तर टक्के इथेनॉलसाठी ९५ टक्क्यांचे ७४ मिलिलिटर घेऊन पाण्याने शंभर करावे.

ब्लीचमध्ये तुकडा टाकताच कापलेली कड लालभडक झाली तर घाबरू नये आणि प्रयोग टाकूनही देऊ नये. पार्मोट्रेमा टिंक्टोरमसारख्या जातींत लेकॅनोरिक आम्ल असते, ते हायपोक्लोराइटशी लाल रंग देते आणि थोड्या वेळात रंग विरतो. शैवाक ओळखण्याची ती नेहमीची चाचणीच आहे. अनायासे झाली तर नोंद करून ठेवावी. मसाल्यातल्या पार्मोट्रेमा पर्लाटमचा गाभा ब्लीचने लाल होत नाही. त्याचा गाभा १० टक्के कॉस्टिक पोटॅशने पिवळा होतो.

निर्जंतुकीकरण झाले की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी ठसा-चाचणी आहे : टिपलेला तुकडा एका वेगळ्या प्लेटवर काही सेकंद दाबून उचलून घ्यायचा. ठशाच्या जागी आठवडाभरात काही उगवले तर पृष्ठभाग स्वच्छ झालेला नव्हता आणि त्या खेपेचे सगळे आकडे बाद. शेवटच्या खंगाळण्याचे पाणीही एका प्लेटवर पसरावे, आणि काम चालू असेपर्यंत एक प्लेट उघडी ठेवावी. या तीन प्लेटांचे निकाल अहवालात नसतील तर पुढचे रंगीत आलेख पाहण्याची गरज नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एका नऊ सेंटिमीटरच्या प्लेटवर दहा-बारा तुकडे ठेवण्याची पद्धत पुस्तकांत आढळते. त्यात एका तुकड्यातून भरधाव बुरशी निघाली की बाकीचे नऊ तिच्याखाली गडप होतात. दोन मिलिलिटरच्या झाकणाच्या लहान नळ्यांत पाऊण मिलिलिटर माध्यम तिरके गोठवावे आणि एका नळीत एकच तुकडा ठेवावा. माध्यम कमी लागते, नळ्या सुकत नाहीत आणि एकाचे कंटॅमिनेशन दुसऱ्याला लागत नाही. पाच थॅलसचे प्रत्येकी वीस, असे शंभर तुकडे एका जातीसाठी पुरेत.

नळ्या २५ अंशांना ठेवायच्या, बारा तास उजेड आणि बारा तास अंधार. आपल्याकडे हाच खरा अडसर आहे. मार्चअखेरीपासून प्रयोगशाळेच्या खोलीचे तापमान सहज ३८-४० अंशांवर जाते. त्या उष्णतेत ॲस्परजिलस खूश असते, बाकीच्या मुकाट्याने मरतात. बीओडी इन्क्युबेटर (ठरावीक तापमान राखणारे कपाट) असेल आणि वीज टिकणारी असेल तर प्रश्न नाही. नसेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच महिने धरावेत, आणि जानेवारीच्या थंड रात्री नळ्या थर्माकोलच्या खोक्यात ठेवाव्यात. म्हणजे नमुने ऑक्टोबरच्या अखेरीस, पाऊस ओसरून झाडाचे खोड कोरडे झाल्यावर घ्यायचे. परीक्षेआधीच्या पंधरा दिवसांत हा प्रकल्प होत नाही. किमान सहा ते आठ आठवडे रोज नाही तरी एक दिवसाआड पाहावे लागते, कारण चांगल्या बुरश्या पुष्कळदा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात डोके वर काढतात.

मध्येच एखाद्या प्लेटवर वसाहतींची वाकडीतिकडी रांग उमटली तर ती माइटची वाट आहे. हे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव दगडफुलातूनच येतात आणि पायांना चिकटलेले बीजाणू प्लेट-प्लेटला वाटत फिरतात. प्लेट पॅराफिल्मने (ताणून गुंडाळायच्या मेणचट पट्टीने) बंद करावी, बाधित प्लेट लगेच ऑटोक्लेव्हमध्ये टाकावी आणि आणलेली पाकिटे इन्क्युबेटरच्या खोलीत ठेवूच नयेत.

आलेल्या बुरशीचे काय समजायचे? आठवड्याच्या आत फोफावली ती शैवाकाची मुख्य बुरशी कधीच नसते. मुख्य बुरशी अगारवर महिनोन्‌महिने घेऊन काही मिलिमीटरची कडक गोळी होते. 'दगडफुलाची बुरशी तीन दिवसांत वेगळी केली' असे वाक्य दिसले की तो प्रकल्प तिथेच संपला. अंतर्वासी बुरश्यांत झायलेरिया व तिचे नातलग, नोड्युलिस्पोरियम, फोमॉप्सिस, कोलेटोट्रायकम, पेस्टॅलोशियॉप्सिस, किटोमियम हे वंश वारंवार भेटतात. ॲस्परजिलस किंवा क्लॅडोस्पोरियम खरोखर आतूनही येऊ शकते. पण ठसा-चाचणी कोरी निघाली, अनेक थॅलसमधून तेच आले आणि उघड्या ठेवलेल्या प्लेटवर ते नव्हते, तरच मान्य करावे.

अडचण येते ती बीजाणूच न देणाऱ्या पांढऱ्या बुरशीजालाची. लॅक्टोफिनॉल कॉटन ब्ल्यू या निळ्या रंजकात कितीही स्लाइड करा, नुसते तंतू दिसतात. इथे खान्देशाचे भांडवल कामी येते. केळीच्या पानाचे सेंटिमीटरभर तुकडे ऑटोक्लेव्ह करून नुसत्या पाण्याच्या अगारवर (लिटरला १५ ग्रॅम) ठेवावेत आणि बुरशीचा लहान ठोकळा शेजारी लावावा. अन्न तुटपुंजे आणि पानाचा आधार मिळाला की तीन-चार आठवड्यांत अनेक बुरश्या पानावर काळ्या फळांचे ठिपके धरतात. फवारणी न केलेल्या बागेतले पान घ्यावे, बुरशीनाशकाचा अंश असेल तर सारे फुकट.

त्यातूनही जी ओळखता येणार नाही तिचा डीएनए पाहावा लागतो. बुरश्यांची ओळख पटवण्याचा डीएनएचा ठरलेला भाग आयटीएस, ही निवड २०१२ मध्ये पक्की झाली. त्या भागाच्या प्रती काढायला आयटीएस-१एफ आणि आयटीएस-४ हे प्राइमर (डीएनएचे छोटे तुकडे) वापरतात. शुद्ध वाढवलेल्या बुरशीचा डीएनए पाठवावा. दगडफूलच वाटून पाठवले तर निकालात मुख्य बुरशीचाच आवाज येतो. आणि संगणकाने पहिल्या ओळीत दाखवलेले जातीचे नाव तसेच्या तसे उचलू नये. ज्या सार्वजनिक डीएनए-साठ्याशी तो जुळवून पाहतो त्यात चुकीची नावे भरपूर आहेत. वंशापर्यंत थांबणे हा कमीपणा नाही.

आकडे मांडताना समजा शंभर तुकड्यांपैकी ४२ मधून बुरशी आली आणि त्यांतल्या ९ मध्ये नोड्युलिस्पोरियम होते, तर त्याची वस्ती ९ टक्के, ४२ पैकी ९ म्हणजे २१ टक्के नव्हे. दोन्ही आकडे उपयोगी आहेत, पण कोणता कोणता हे लिहावे. तोरणमाळच्या आंब्यावरचे आणि मैदानातल्या आंब्यावरचे शैवाक यांची तुलना करायची असेल तर दोन्हीकडे झाड तेच, शैवाकाचा वंश तोच, महिना तोच हवा. नाहीतर फरक उंचीचा की झाडाचा, हे सांगता येत नाही.

हे वाचून कुणाच्या स्वयंपाकघरात धास्ती पसरू नये म्हणून थोडे मसाल्याविषयी. दगडफुलाच्या आतल्या या बुरश्या दगडफुलाइतक्याच जुन्या आहेत. तेलावर परतताना त्या मरतात आणि भाजीला त्यांचा उपद्रव होत नाही. काळजी करायची ती साठवणीच्या बुरशीची. घेताना मूठभर दगडफूल हातात दाबावे : चांगले असेल तर चुरचुरते, वरून राखी-पांढरे आणि खालून काळे असते, वास मातकट पण स्वच्छ असतो. लवचीक, ओशट लागले, हिरवी-पिवळी भुकटी उडाली किंवा कुबट वास आला तर घेऊ नये. ॲस्परजिलस फ्लेव्हसचे अफ्लाटॉक्सिन हे विष भाजण्याच्या उष्णतेने पूर्ण नष्ट होत नाही, त्यामुळे 'भाजले की चालते' हा समज चुकीचा आहे. घरी आणल्यावर सालीचे तुकडे, काड्या, रेती निवडून टाकावी, कडक उन्हात दोन तास द्यावे, पूर्ण थंड झाल्यावर काचेच्या कोरड्या बरणीत भरावे. गरम असतानाच झाकण लावले तर आत वाफ धरते. पावसाळ्यासाठी लागेल तेवढेच घ्यावे.

प्रकल्प संपल्यावर नळ्या धुऊन टाकण्याची आपल्याकडे पद्धत आहे, ती बदलावी. वेगळ्या झालेल्या प्रत्येक बुरशीचे पाच-सहा अगारचे ठोकळे फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत निर्जंतुक पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवले, तर अनेक जाती वर्षानुवर्षे जिवंत राहतात, खर्च बाटलीपुरता. महत्त्वाच्या वाटणाऱ्या बुरश्या पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या राष्ट्रीय बुरशी संग्रहाकडे रीतसर जमा करता येतात. दगडफुलाचा उरलेला तुकडाही वाळवून, पाकिटावरच्या सगळ्या नोंदींसह, विभागाच्या वनस्पतिसंग्रहात लावावा आणि त्याचा क्रमांक प्रत्येक नळीवर लिहावा. शैवाकाची ओळख पुढे कुणी दुरुस्त केली तर त्या क्रमांकावरूनच बुरशीची नोंदही दुरुस्त करता येते.

कळावे,
आपले,
खान्देशातील वनस्पतिशास्त्राचे काही अध्यापक